सांताक्लारा खोऱ्यातील बारा आठवडे

"तू तिकडे जाणार हे ठीक, पण तिथे दिवसभर बसून नेमके करणार तरी काय?"

हा प्रश्न आजोबांनी मला २०२३ सालच्या मे महिन्यात साताऱ्याहून दूरध्वनीवर विचारला, आणि त्याचे समाधानकारक उत्तर मजजवळ नव्हते. आजोबा पाटबंधारे खात्यात हिशेबनीस होते. त्या वेळी त्यांचे वय ८५ होते. धरणाच्या कामावर किती ब्रास खडी आली आणि किती मजुरांची हजेरी लागली, हे त्यांनी आयुष्यभर वहीत लिहिले. ते काय करीत, हे घरातल्या लहान पोरालाही सांगता येई. उलट आज आपल्या ओळखीच्या दर दोन घरांआड एका घरचा मुलगा किंवा मुलगी 'कॉम्प्युटरमध्ये' असते, आणि ती तिथे काय करते हे तिच्या आईलाही सांगता येत नाही. आजोबांना द्यावयाचे राहिलेले ते उत्तर येथे सविस्तर लिहीत आहे.

अमेरिकेत संगणकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळी सुटीत एखाद्या मोठ्या कंपनीत बारा आठवडे काम करावे, असा तिकडे परिपाठ आहे. त्याला 'इंटर्नशिप' म्हणतात. आपल्याकडचा उमेदवारी हा जुना शब्द त्याला चांगला शोभतो. इंग्रजी अमदानीत इंग्रजी शिकलेला तरुण मामलेदार कचेरीत उमेदवार म्हणून राही, नकला करी, कागद लावून ठेवी आणि कोणाची तरी जागा रिकामी होण्याची वाट पाही, बहुधा पगाराविना. तिकडच्या उमेदवाराला पगार मिळतो, आणि तो चांगला मिळतो. वाट पाहणे मात्र दोन्हीकडे सारखेच. बारा आठवडे संपल्यावर कंपनी आपल्याला कायमचे बोलावील की नाही, हा एकच विचार प्रत्येकाच्या मनात पहिल्या दिवसापासून घर करून असतो. माझ्या शिक्षणासाठी बाबांनी कर्ज काढले होते. तेव्हा हा विचार मला इतरांहून कमी होता असे म्हणता येणार नाही.

ज्या कंपनीत मी होतो तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. ती कॅलिफोर्नियातील सांताक्लारा खोऱ्यात आहे एवढे पुरे. सॅन फ्रान्सिस्कोहून सॅन होजेकडे जाणाऱ्या कॅलट्रेन ह्या आगगाडीने निघाले की डाव्या हाताला खाडी आणि उजव्या हाताला सांताक्रूझचे डोंगर असा सपाट पट्टा लागतो. पालो आल्टो, माउंटन व्ह्यू, सनीव्हेल, सांताक्लारा अशी स्थानके एकामागून एक येतात. पण एक गाव कोठे संपले आणि दुसरे कोठे सुरू झाले हे काही केल्या कळत नाही. मी गेलो तेव्हा ही गाडी डिझेलवर चाले. २०२४ च्या सप्टेंबरपासून ती विजेवर धावू लागली. 'सिलिकॉन व्हॅली' म्हणून जगभर गाजलेली ती हीच भूमी. नाव ऐकून मी गगनचुंबी इमारतींची अपेक्षा केली होती. प्रत्यक्षात दिसल्या त्या दोन-तीन मजली कचेऱ्या, प्रशस्त रस्ते, मोटारी उभ्या करण्याची विस्तीर्ण मैदाने आणि ओळीने लावलेली झाडे. पहिल्या दिवशी माझी थोडी निराशाच झाली.

तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. त्यामुळे आपल्याकडे आषाढाच्या सरींनी सह्याद्री हिरवागार होतो, नेमके त्याच वेळी तिकडचे डोंगर वाळलेल्या गवताने पिवळे पडलेले असतात. २९ जूनला आषाढी एकादशी होती. घरून वारीची छायाचित्रे आली, त्यांत चिखल होता, छत्र्या होत्या, भिजलेल्या पताका होत्या. आणि माझ्या खिडकीबाहेर ढगाचा एक ठिपकाही नसलेले निळे आकाश होते. एवढ्या स्वच्छ आकाशाचाही माणसाला कंटाळा येतो, हे मला त्या दिवशी समजले.

हे खोरे पूर्वी फळबागांचे होते. जर्दाळू, आलुबुखार, चेरी ह्यांच्या बागा मैलोगणती पसरलेल्या असत, आणि वसंतात सारे खोरे फुलांनी पांढरे होई. 'हृदयाच्या आनंदाचे खोरे' अशा अर्थाचे नावच लोकांनी त्याला दिले होते. सनीव्हेलमध्ये लिबी कंपनीचा फळे डबाबंद करण्याचा मोठा कारखाना होता. तो गेला, पण फळांच्या डब्यासारखी रंगवलेली त्याची पाण्याची टाकी अजून उभी आहे, आणि तिच्या आसपास संगणकाच्या कचेऱ्या आहेत. त्याच गावात नगरपालिकेने जर्दाळूची सुमारे दहा एकरांची एक जुनी बाग मुद्दाम राखली आहे. जूनअखेरीस मी तेथे गेलो तेव्हा झाडे नारिंगी फळांनी लदलेली होती. आपल्याकडे जर्दाळू म्हणजे वाण्याच्या बरणीतले सुकलेले फळ. ते झाडावर पाहण्याचा योग माझ्या आयुष्यात प्रथमच आला.

माझे बिऱ्हाड सनीव्हेललाच होते. दोन खोल्यांत आम्ही चौघे विद्यार्थी राहत असू. भाडे चौघांत वाटले तरी ते ऐकून आईने कपाळाला हात लावला. एल कामिनो रेआल ह्या, स्पॅनिश मिशनऱ्यांच्या काळापासून चालत आलेल्या रस्त्यावर आपल्या किराण्याची दुकाने आहेत. तेथे पोहे, साबुदाणा, गोडा मसाला, इतकेच काय पण मेतकूटसुद्धा मिळते. तेव्हा पोटाचे हाल झाले असे मी म्हणणार नाही. दुपारचे जेवण कंपनीतच होई, आणि शाकाहारी माणसाला तेथे काही अडत नसे. रात्री मात्र आम्ही कुकर लावीत असू.

त्या कुकराची हकीगत सांगण्यासारखी आहे. आमच्या शेजारी एक मराठी कुटुंब राहत होते. त्यांतील काकांची नोकरी एप्रिलमध्ये गेली होती. २०२२ च्या अखेरीपासून ह्या खोऱ्यावर नोकरकपातीची लाट आली होती. मेटाने २०२२ च्या नोव्हेंबरात ११,००० माणसे कमी केली, तर २०२३ च्या जानेवारीत गूगलने सुमारे १२,००० माणसे कमी करीत असल्याचे जाहीर केले. इतरही अनेक कंपन्यांनी तेच केले. तिकडे 'एच-वन-बी' परवान्यावर नोकरी करणाऱ्या परदेशी माणसाची नोकरी सुटली की नवा मालक शोधण्यास त्याला फार तर ६० दिवस मिळत. न मिळाल्यास दुसरा काही परवाना तरी घ्यावा किंवा देश सोडून निघावे. काकांचे साठ दिवस जूनमध्ये भरले. त्यांच्या मुलीची शाळा नुकतीच सुटली होती. जाण्याच्या आदल्या दिवशी काकू आमच्याकडे आल्या आणि त्यांनी कुकर, पोळपाट-लाटणे आणि अर्धी पिशवी कणीक आमच्या हवाली केली. "देव्हारा तेवढा बरोबर नेते," त्या म्हणाल्या. बाकी घरसामान त्यांनी चार दिवसांत मिळेल त्या किमतीला विकले होते. पुढे दोन महिने त्या कुकराची शिटी झाली की आम्हा चौघांना काकूंची आठवण होई, आणि त्या आठवणीत थोडी भीतीही मिसळलेली असे.

असो. आता कामाविषयी.

२२ मे रोजी, सोमवारी, मी रुजू झालो. आमच्या गटाच्या दालनात बारा मेजे होती. त्यांतील तीन रिकामी होती. एका मेजावर कोणाचा तरी चहाचा पेला आणि वाळलेले रोपटे तसेच होते. त्यांविषयी कोणी बोलत नसे. मला मार्गदर्शन करण्यासाठी अकरा वर्षे अनुभव असलेल्या एक बाई नेमलेल्या होत्या. त्या मूळच्या तैवानच्या. मितभाषी, वेळेच्या काटेकोर, आणि दुपारी ठीक तीन वाजता हिरवा चहा पिणाऱ्या.

आमचे काम म्हणजे संगणकासाठी आज्ञावली लिहिणे. अशा मोठ्या कंपनीत आज्ञावलीच्या लक्षावधी ओळी असतात; त्यांतील बहुतेक आपल्या आधी इतरांनी लिहिलेल्या असतात. नव्या माणसाचे पहिले काम लिहिण्याचे नसून वाचण्याचे असते. वाड्याची दुरुस्ती करणाऱ्या गवंड्याने कोणती भिंत भार घेते आणि कोणती नुसती आडोशाची, हे आधी ओळखावे, तसे ते वाचन. मला दुसऱ्या आठवड्यात एक गोष्ट कळेना. आपल्याकडच्या हुशार मुलाचे शिक्षण असे झालेले असते की, न येणे कबूल करणे म्हणजे वर्गात उभे राहण्याची शिक्षा. मी चार दिवस एकटाच झगडत बसलो. पाचव्या दिवशी बाईंनी सहज विचारले, आणि माझी अडचण ऐकून दहा मिनिटांत ती दूर केली. मग शांतपणे म्हणाल्या, "एक तास प्रयत्न करावा, मग विचारावे. चार दिवस तू कंपनीचे घालवलेस, त्याचे मला काही नाही. पण ते तुझ्या बारा आठवड्यांतले होते."

दुसरी गोष्ट मला अधिक नवलाची वाटली. तेथे कोणीही, तो कितीही वरिष्ठ असो, आपण लिहिलेली ओळ परभारे मूळ आज्ञावलीत घालू शकत नाही. दुसऱ्या कोणी तरी ती वाचून मान्य करावी लागते. शिवाय केलेला प्रत्येक बदल नोंदला जातो: कोणी केला, कोणत्या दिवशी, आणि कशासाठी. ह्या नोंदी ठेवण्याची साधने अनेक आहेत; त्यांतील 'गिट' हे आज सर्वत्र वापरात असलेले साधन लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ साली तयार केले. त्यात जुनी ओळ काढली तरी ती नोंदीत राहते. दहा वर्षांनीही ती कशी होती हे पाहता येते. एखाद्या ओळीवर ती कोणाच्या हातची हे पाहण्याची एक आज्ञा आहे, तिला 'ब्लेम' म्हणजे 'दोष' असे नाव आहे. आम्ही रोज ती वापरीत असू. पण दोष देण्यासाठी क्वचितच. ज्याने लिहिले त्याला जाऊन विचारता यावे, एवढाच तिचा उपयोग.

हे पाहून मला आजोबांच्या वहीची आठवण झाली. ते आम्हा मुलांना सांगत, "हिशेबाच्या वहीत खाडाखोड करू नये. चूक झाली तर आकड्यावर एकच रेघ मारावी. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहावा, आणि शेजारी सही-तारीख करावी. ज्याने खरवडून काढले तो चोर समजावा. ज्याने रेघ मारली तो हिशेबनीस." लहानपणी ह्या उपदेशाचा आम्हांला कंटाळा येई.

मजकडे सोपवलेले काम असे होते. निरनिराळ्या देशांतून यंत्रांकडे रोज असंख्य नोंदी येत, आणि प्रत्येक नोंदीवर ग्रीनिचची वेळ असे. ती नोंद त्या त्या देशाच्या स्थानिक वेळेनुसार कोणत्या दिवसाची, हे ठरवून दररोजची बेरीज करावयाची. जुनी आज्ञावली मंद झाली होती. मी नवी, वेगवान लिहावयाची होती. ती मी लिहिली. लंडन, टोकियो, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया येथील वेळा घालून तपासली. बाईंनी वाचून मान्य केली, आणि १० जुलैपासून ती चालू झाली. जुनीपेक्षा ती पुष्कळच लवकर काम उरके. आमच्या गटाच्या प्रमुखांनी चौघांसमक्ष माझी पाठ थोपटली. आता आपली जागा पक्की, असे मला वाटू लागले, हे कबूल केले पाहिजे.

२१ जुलैच्या शुक्रवारी रात्री मी घरी दूरध्वनी केला. अधिक श्रावण नुकताच लागला होता. आई-काकू अनारशांच्या पिठाच्या गडबडीत होत्या, तेव्हा आजोबाच बोलत बसले.

"तुमच्याकडे किती वाजले?"

"साडेनऊ. रात्रीचे."

"आमच्याकडे सकाळचे दहा. म्हणजे साडेबारा तासांचे अंतर." हिशेबनिसाला आकडा सोडवेना. "बाकी सारे जग पुऱ्या तासांनी चालते, आणि आपला हा वरचा अर्धा तास. आमच्या लहानपणी तर मुंबईची वेळ आणखी निराळी असे. मामाच्या घरचे घड्याळ स्टँडर्ड टाइमच्या ३९ मिनिटे मागे, आणि मामी म्हणे, हीच खरी वेळ!"

ते पुढे बरेच बोलले. स्टँडर्ड टाइम १९०६ साली सुरू झाला तरी मुंबईने आपली जुनी वेळ पुढे कित्येक वर्षे कशी सोडली नाही, ह्याची ती हकीगत होती. परंतु माझे तिकडे लक्ष नव्हते. अर्धा तास! माझ्या अंगाला घाम फुटला. भारताची वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास, म्हणजे १९,८०० सेकंद पुढे. मी माझ्या आज्ञावलीत सेकंदांना ३,६०० ने भागून तास काढले होते, आणि भागाकाराची बाकी टाकून दिली होती. साडेपाचाचे पाच झाले होते. ज्या शहरांच्या वेळा घालून मी तपासणी केली ती सारी पुऱ्या तासांची. जगातल्या इतर कोणाही माणसाने अर्धा तास विसरावा. साताऱ्याच्या मुलाने तो विसरावा!

संगणक उघडून पाहिले. शंकाच राहिली नाही. भारतात मध्यरात्री बारा ते साडेबारा ह्या वेळात झालेली प्रत्येक नोंद अकरा-बारा दिवस आदल्या दिवसात पडत होती. नेपाळचे तर पाऊण तास चुकले होते, कारण त्यांची वेळ पावणेसहा तासांची. ग्राहकांचे त्यात काही नुकसान नव्हते. आकडे कंपनीच्या अंतर्गत कामाचे होते. एवढ्या मोठ्या बेरजेत तो फरक कोणाच्या दृष्टीला पडला नव्हता, आणि कदाचित पुढेही पडला नसता.

येथेच मोह होता. एका आठवड्याने माझ्या कामाचे अखेरचे मूल्यमापन व्हावयाचे होते. त्याच दिवसांत मी दुसरी एक लहानशी सुधारणा करीत होतो. तिच्यात ही एक ओळ हळूच घालून दिली असती तर 'किरकोळ सुधारणा' म्हणून ती निघून गेली असती. नोंद राहिली असती खरी. पण कारणाच्या रकान्यात काय लिहावे हे माझ्याच हाती होते. बाबांचे कर्ज, रिकामी मेजे, काकूंचा कुकर, सारे डोळ्यांपुढे येऊ लागले. माझे सहवासी झोपले. मी जागाच होतो. शनिवार तसाच गेला.

रविवारी बिऱ्हाडात बसवेना, म्हणून सायकल घेऊन कॅलट्रेनने पालो आल्टोला गेलो. त्या गाडीत सायकली ठेवण्यासाठी निराळा डबा असतो. अॅडिसन रस्त्यावर ३६७ क्रमांकाच्या घरामागे एक जुने लाकडी मोटारघर आहे. विल्यम ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकार्ड ह्या दोघा तरुणांनी १९३८ साली तेथे काम सुरू केले आणि १९३९ साली ५३८ डॉलर भांडवलावर आपली कंपनी काढली. त्यांचे पहिले यंत्र ध्वनीच्या मोजमापाचे होते. 'सिलिकॉन व्हॅलीचे जन्मस्थान' अशी पाटी समोर आहे. आत जाता येत नाही. रस्त्यावरूनच दर्शन घ्यावयाचे. आपल्या गल्लीतल्या सुताराच्या खोपटाहून ते फारसे मोठे नाही.

तेथून सायकलीने खाडीकाठी मेन्लो पार्कला आलो. मेटा कंपनीच्या प्रवेशद्वाराशी मोठी पाटी आहे आणि तिच्यासमोर छायाचित्र काढून घेण्यास माणसांची रांग असते. मी पाटीच्या मागे गेलो. तिकडे कोणी नव्हते. मागल्या अंगावर दुसऱ्याच कंपनीचे नाव होते: सन मायक्रोसिस्टिम्स. ही कंपनी १९८२ साली चौघांनी स्थापिली. त्यांतील एक विनोद खोसला. एके काळी तिचा मोठा दबदबा होता, आणि ही सारी जागा तिचीच होती. पुढे तिला उतरती कळा लागली. २०१० साली ओरॅकल कंपनीने ती विकत घेतली. २०११ साली फेसबुकने, म्हणजे आजच्या मेटाने, ही जागा घेतली, तेव्हा तिने पाटी नवी केली नाही. जुनीच पाटी फिरवून तिच्यावर आपले चिन्ह लावले, आणि मागचे नाव तसेच राहू दिले. आपल्या लोकांना ते येता-जाता दिसावे, हा त्यातला हेतू असे सांगतात.

ऊन्ह-पावसाने फिकट झालेल्या त्या नावापुढे मी बराच वेळ उभा होतो. जर्दाळूच्या बागा गेल्या, डब्यांचा कारखाना गेला, सन गेली. आज ज्या कंपनीत जागा मिळावी म्हणून मी दोन रात्री तळमळत होतो, तिचे नावही कधी तरी असेच कोणत्या पाटीच्या मागे जाईल. तेव्हा तिच्या भीतीने आपण आपली वही खरवडून काढावी काय? एवढे मनात आले, आणि घरी परतताना सायकल जरा हलकी चालली.

सोमवारी सकाळी बाई आल्याबरोबर मी त्यांना सर्व सांगितले. सांगताना माझा आवाज कापत असावा. त्यांनी ऐकून घेतले, संगणकावर ती ओळ काढली आणि दोन मिनिटे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही ओळ तू लिहिलीस. ती वाचून मान्य मी केली. नोंदीत दोघांचीही नावे आहेत." त्यानंतर त्यांनी मला एक कागद तयार करावयास सांगितले. काय झाले, केव्हापासून, कोणाच्या कामावर परिणाम झाला, चूक कशामुळे शिरली, आणि पुन्हा शिरू नये म्हणून काय करावे. तिकडे अशा कागदाला 'पोस्टमॉर्टेम' असे भयंकर नाव आहे. पण त्यात माणसाचे नाव घालावयाचे नसते. "अमक्याने निष्काळजीपणा केला" असे लिहिले तर पुढच्या वेळी तो अमका चूक लपवील, आणि कंपनीचे नुकसान दुप्पट होईल, असा त्यामागचा व्यवहारी विचार आहे.

तो कागद लिहिण्यास मला दोन दिवस लागले. आज्ञावली दुरुस्त करण्यास वीस मिनिटे लागली. १० जुलैपासूनच्या बेरजा पुन्हा करण्यात एक रात्र गेली. तपासणीच्या यादीत मी मुंबई, काठमांडू, ऑस्ट्रेलियातील अॅडिलेड आणि कॅनडातील सेंट जॉन्स ही नावे घातली. ह्या सर्वांच्या वेळेला अर्ध्या किंवा पाऊण तासाची शेपटी आहे. बदलाच्या कारणाच्या रकान्यात लिहिले, "माझ्या १० जुलैच्या बदलातील चूक दुरुस्त केली." त्याखाली माझे नाव आपोआप उमटले. एका रेघेने खोडून शेजारी सही केल्यासारखे ते मला दिसले.

ह्यानंतर मला बक्षीस मिळाले, असे वाचकांना वाटत असेल तर ते खरे नव्हे. शेवटच्या आठवड्यात प्रमुखांनी मला बोलावले. माझे काम चांगले झाल्याचे सांगितले, आणि त्या वर्षी उमेदवारांसाठी गटात एकही जागा मंजूर झाली नसल्याचेही सांगितले. ते तोंडदेखले बोलत होते असे मला वाटले नाही. त्या वर्षी पुष्कळ कंपन्यांत हीच अवस्था होती. माझ्या चुकीचा त्याच्याशी संबंध नव्हता, आणि माझ्या कबुलीचाही नव्हता. चांगुलपणाचा हिशेब इतक्या लवकर जुळत नाही, हे आजोबांच्या वयाच्या माणसांना माहीत असते. मला ते तेथे समजले. त्या रात्री मी घरी दूरध्वनी केला नाही.

११ ऑगस्ट हा शेवटचा दिवस. बाईंनी तीन वाजता मला चहाला बोलावले. फार काही बोलल्या नाहीत. निघताना एवढेच म्हणाल्या, "नव्या माणसाला मी आता पहिल्याच दिवशी तुझा तो कागद वाचावयास देणार आहे." काकूंचा कुकर आम्ही पुढच्या बिऱ्हाडकरूंना देऊन टाकला. पुढे पदवी हाती येता येता मला दुसऱ्या एका लहान कंपनीत काम मिळाले, आणि बाबांच्या कर्जाचे हप्ते सुरू झाले.

त्या डिसेंबरात मी साताऱ्याला आलो तेव्हा एका दुपारी आजोबांनी झोपाळ्यावरून तोच प्रश्न पुन्हा विचारला. ह्या खेपेस मी त्यांना सर्व हकीगत सांगितली. अर्ध्या तासाची, मोहाची, रकान्यात लिहिलेल्या वाक्याचीसुद्धा. ते डोळे मिटून ऐकत होते. मग उठले, माजघरातल्या कपाटातून कापडी बांधणीची एक वही घेऊन आले. १९६७ सालची घरखर्चाची वही होती. एका पानावर बोट ठेवून ती त्यांनी माझ्यापुढे धरली. वाण्याच्या खात्यात साडेतीन रुपयांचा आकडा होता; त्यावर एक सरळ रेघ, वर चार रुपयांचा आकडा, आणि शेजारी त्यांची बारीक सही.

"मीही अर्धा विसरलो होतो," ते म्हणाले.

वही मिटून त्यांनी मांडीवर ठेवली, आणि झोपाळ्याला पायाने हलका झोका देत पुढे म्हणाले, "पण एवढे शिकायला तुला इतक्या लांब कशाला जावे लागले, ते काही मला अजून समजले नाही."